गुरामीसाठी बंद ठेवलेला पंखा

वहिनींचा फोन आला, "ताई, तुमचे दादा गेले." महिना होत आला त्याला. खरं सांगते, मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की हा माणूस 'चुकलो' न म्हणताच निसटला! अकरा वर्षं मी त्या एका शब्दासाठी तोंड फिरवून बसले होते, आणि हा खुशाल झोपेत जाऊन मोकळा...

माझा दादा कचेरीत कारकून आणि घरी माशांचा गुलाम. जालन्यात मस्तगडच्या आमच्या घरात वारा येणारी खोली एकच, आणि तिथंच याचा गुरामी माशांचा फिश टँक. निळी गुरामी, पर्ल गुरामी... आल्यागेल्याला धरून बसवायचा आणि सांगायचा, हा मासा पाण्यात राहतो पण आपल्यासारखी वर येऊन हवा घेतो. नर तोंडानं बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं करतो, त्यात अंडी सांभाळतो. मादी जवळ आली की तिला हाणतो, म्हणून दादानं मादीला वेगळा टँक घेतला होता. माशाच्या बायकोची केवढी काळजी! स्वतःच्या बायकोनं बाजारातून काही आणायला सांगितलं, की म्हणायचा, "थांब, नर कामात हाय."

लेकीच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी गेले. मे महिना, जालन्याचं ऊन, लेक बावीस दिवसांची, अंगभर घामोळ्या. बाळंतिणीला वारा लागू न देणारी आमची आईसुद्धा म्हणाली, "लाव गं बाई पंखा." मी लावला. दादा आंघोळ अर्धी टाकून पळत आला.

"सुमे, बंद कर! फेस फुटून राह्यलाय."

"अरे, लेकरू घामानं भिजून राह्यलं. टँकवर काहीतरी झाक ना मंग."

"झाकू? हवा घेणारा मासा हाय तो, गुदमरंल! तुझं लेकरू रडंल अन् गप बसंल. ही अंडी परत येणार न्हाईत."

गप बसंल! सख्ख्या मामाच्या तोंडचं हे बोलणं. मी पंखा फुल्ल केला आणि बटनापुढं खुर्ची टाकून बसले. संध्याकाळपर्यंत घरटं विरून गेलं. दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "जीव घेतलास." मी लेकीला दुपट्यात गुंडाळलं, रिक्षा बोलावली आणि अंबडला सासरी निघून आले. पुढं आई होती तोवर तीच मला भेटायला यायची. एकदा धावड्याला एका लग्नात आम्ही समोरासमोर आलो, तर हा मला सोडून माझ्या लेकीला म्हणतो, "तुझ्या आईनं माझी दोनशे पिल्लं मारली, माहीत हाय का?" भरल्या पंगतीत! म्हणजे तोही माझ्याच माफीची वाट बघत होता. बघू दे, म्हटलं. बसू दे वाट बघत म्हातारा होईपर्यंत.

म्हातारा व्हायला थांबलाच नाही तो.

मागच्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेले. त्या खोलीत पाऊल टाकलं आणि जागीच थांबले. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता आणि टँकमध्ये फेसाचं घरटं अख्खंच्या अख्खं. खाली केसाएवढी पिल्लं लोंबकळत होती. टँकवर खिडकीची जुनी काच आडवी ठेवलेली, एका बाजूला बोटभर फट.

"वहिनी, ही काच?"

"पाल दोनदा पडता पडता राह्यली हो आत. मंग मीच ठेवली. यांनी तर बिलकुल ठेवू दिली नसती... पण बघा, वारा लागंना अन् आत ऊब बी राहते. पिल्लू एक बी मेलं न्हाई."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी टँकपुढं वाकले. नर फटीखाली वर आला, हवेचा घोट घेतला आणि पुन्हा घरट्याखाली जाऊन पहाऱ्याला उभा राहिला. कुठं गुदमरला? कुठं काय झालं? खिडकीच्या एका काचेचं काम होतं ते! एका काचेपायी माझं माहेर तुटलं, लेकीला मामा मिळाला नाही, आणि हा शहाणा मला जगभर खुनी म्हणत फिरला. माझं डोकं असं तडकलं की काही भान राहिलं नाही.

"दादा!" मी ओरडले. "इकडं ये! आत्ताच्या आत्ता ये अन् बघ!"

वहिनी हातात गाळणी घेऊन धावत आल्या. "ताई... कोणाला हाका मारून राह्यल्या?"

जिंकले होते मी, आणि ते कबूल करायला भाऊच उरला नव्हता.