बोहारणीच्या गाठोड्यातली हिमरू शाल

“तिच्या हातांवर लक्ष ठेव गं, भामटी दिसतेय,” काकू स्टीलचं पातेलं उलटसुलट बघत माझ्या कानाशी पुटपुटल्या. औरंगपुऱ्यातल्या आमच्या ओट्यावर बोहारीण बसली होती आणि जुन्या साड्यांच्या बदल्यात मोठं पातेलं मिळावं म्हणून काकू घासाघीस करत होत्या. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला ‘चोर’ एवढाच शब्द नीट ठाऊक होता; त्याचे बाकीचे भाऊबंद मी मराठीच्या क्लासमध्ये शिकत होते. ‘उचल्या’ उचलण्यावरून आला, पण ‘भामटा’ हे मुळात एका जमातीचं नाव, लोकांनीच त्याचा अर्थ चोर करून टाकला, हे तिथल्या सरांनी नुकतंच सांगितलं होतं. तरीही मी संशयानं तिच्या हिरव्या बांगड्यांवरून नजर हलवली नाही. शेवटी काकूंनी वैतागून कपाटातला आणखी एक गठ्ठा न बघताच तिच्यापुढे टाकला, तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला. तिनं सगळं गाठोड्यात बांधलं, आणि फटीतून काकांच्या रेशीम-सुती विणीच्या किमती हिमरू शालीचा काठ दिसताच काकू ओरडल्या, “चोरटी! ही कधी उचललीस?” शेजारणी जमल्या. “तुमीच दिली की वो बाई, म्या कशाला उचलू?” ती सांगत होती, पण एकीनं तिचं गाठोडं ओढून घेतलं, दुसरी म्हणाली, पोलिसांना बोलवा. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे. तरी मी पुढे झाले. “काकू,” मी म्हणाले, “मी तिच्या हातांवरच लक्ष ठेवून होते. शाल तुम्ही टाकलीत.”