पुसेगावच्या सलूनमधला समुद्र

सलूनमध्ये रोज झाडू मारला की केस निघून जातात, पण लोकं बोलून गेलेलं काही निघत न्हाई. ते साचत राहतं. मी बावीस वर्षांपासून हिंगोलीजवळच्या पुसेगावात बसस्टँडजवळ सलून चालवतो, पुढं दुकान आणि मागं घर, तेव्हा माझ्याकडं किती साचलं असंल बघा! त्यातले समुद्राच्या टाकीचे किस्से मी वेगळे काढून ठेवलेत. ते सांगायला लागलो की माझा हात थांबतो, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणतं, आधी दाढी उरक बाबा, मग सांग.

व्हय, समुद्राचीच टाकी. खाऱ्या पाण्याची. आमच्या पुसेगावात!

झालं असं की आमी कोकणात ट्रिपला गेलो होतो. तिथं एका मत्स्यालयात काचेमागं दोन मासे होते, नारंगी अंगावर पांढरे पट्टे. क्लाउन म्हणतात त्यांना. मी समोर उभा राहिलो तो राहिलोच. बस सुटायची वेळ झाली, बायको सुनंदा दोनदा येऊन बोलावून गेली, तिसऱ्यांदा तिनं दंडाला धरून नेलं. बसमध्ये बसल्या बसल्या मी तिला सांगून टाकलं की हे मासे मी दुकानात आणणार. ती म्हणाली, आधी दुकानातला तडकलेला आरसा बदला.

मी आरसा बदलला न्हाई, टाकी आणली. एका शहरातल्या दुकानातून काच, छोटं फिल्टर, मिठाची पिशवी आणि दोन क्लाउन, सगळं एकाच दिवशी. दुकानदार म्हणाला, "सब सेट है, टेन्शन मत लो." मी कशाला टेन्शन घेतो! दोन दिवस माझ्या दुकानासमोर नुसती जत्रा. चौथ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर दोघंही तळाला आडवे पडलेले. मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि आत बसून रडलो. खोटं कशाला बोलू, पंचेचाळीस वर्षांचा माणूस, लेकरासारखा रडलो.

पनवेलला माझे साडू राहतात, प्रकाशराव. त्यांच्या घरी अशी टाकी कितीतरी वर्षांपासून आहे. त्यांनी फोनवर मला धू धू धुतलं. म्हणाले, माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तेच त्यांचं विष. ते संपवणारे जंतू फिल्टरमध्ये वाढायला महिना-दीड महिना लागतो, आणि तुम्ही त्यांना एक दिवससुद्धा दिला नाही. मग म्हणाले, "फिल्टर नीट निवडा, तयार होऊ द्या. मग माझ्या घरात वाढलेली जोडी मी तुम्हाला पाठवतो. पण ती गेली, तर मला फोन करू नका."

तेव्हा मी ठरवलं, आता माझ्या हातून मासा मरणार न्हाई. बस.

* * *

माझ्या शेजारी दत्ताचं ठिबक आणि पाइपचं दुकान. आमी एका वर्गातले. फिल्टरचा विषय निघाला आणि दत्ताच्या अंगात आलं. "फिल्टरसाठी तुला पनवेल काहून लागतं? मी मेलो का?"

तो गोदामातून ठिबकचं डिस्क फिल्टर घेऊन आला. विहिरीचं पाणी नळ्यांत सोडायच्या आधी ज्यातून गाळतात, ते. मी त्याला समजावलं की हे कचरा अडवतं, पाण्यात विरघळलेलं विष न्हाई अडवत. पण दत्ता ऐकंल तर तो दत्ता कसला. पाच एकर हळदीचं पाणी हे गाळतं, तर तुझ्या दोन माशांचं गाळणार न्हाई का, असं म्हणून त्यानं टाकीतल्या जुन्या खाऱ्या पाण्याला अर्ध्या एचपीची मोटार जोडली आणि माझ्या डोळ्यांदेखत बटन दाबलं.

पाइप निसटला. धार उडाली ती थेट खुर्चीत बसलेल्या देशमुख काकांवर! काकांच्या तोंडाला फेस, डोळे मिटलेले, गळ्याभोवती कपडा. दत्तानं मोटार बंद केली. काका जागचे हलले न्हाईत. त्यांनी जिभेनं ओठ चाटला आणि शांतपणे म्हणाले, "गजानन, आज पाणी खारट हाय."

* * *

शेवटी प्रकाशरावांनीच फिल्टर निवडून दिलं. टाकीच्या काठावर मागून लटकवायचं, आत पुढं स्पंज आणि मागं चिनी मातीच्या बारीक पोकळ नळ्या. स्पंजात कचरा अडकणार, नळ्यांत जंतू राहणार. नवशिक्याला एवढं पुरे, म्हणाले. मग आरओच्या जारचं पाणी भरलं आणि समुद्री मीठ कालवायला घेतलं. पण ते किती घालायचं हे मोजायची काचेची नळी कुरिअरमध्ये कुठं तरी अडकलेली. आकडा एक पूर्णांक शून्य पंचवीस यायला पाहिजे होता.

किसनभाऊ राठोड तांड्यावरचे, त्यांच्याकडं दूध संकलन केंद्र हाय. सकाळचं दूध घेऊन झालं की ते माझ्याकडं दाढीला येतात. त्यांनी पिशवीतून लॅक्टोमीटर काढलं, दुधात बुडवून बघायचं ते; चांगल्या दुधाला आकडा अठ्ठावीसच्या वर जातो. म्हणाले, ह्याच्यावरचं पंचवीस म्हणजे तुझं एक पूर्णांक शून्य पंचवीसच की. मी लगेच प्रकाशरावांना फोन लावला. ते म्हणाले की अंदाजाला चालंल, माणूस हुशार आहे.

मी मीठ कालवत गेलो, किसनभाऊ लॅक्टोमीटर बुडवत गेले. अठरा, एकवीस, तेवीस. आणि पंचवीस! मी उडीच मारली. पुसेगावात समुद्र तयार झाला होता राव! पण किसनभाऊंच्या कपाळावर आठी. ते पुन्हा वाकले, पुन्हा आकडा बघितला आणि हळूच मला म्हणाले, "गजाभाऊ, ह्यात कुणीतरी पाणी घातलंय. माझ्याकडं आलं असतं तर मी परत पाठवलं असतं."

* * *

मग स्किमरचं प्रकरण. एका व्हिडिओवाल्यानं सांगितलं की खाऱ्या टाकीला स्किमर पाहिजेच. ते यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, घाण फेसाला चिकटून वर येते आणि वाटीत पडते. मी तो व्हिडिओ दुकानात चार वेळा लावला. कुणाला काही कळंना. फेसात घाण कशी येईल, फेसानं तर घाण जाते, असं म्हणत सगळे माझ्या दाढीच्या ब्रशकडं बघत होते.

मारुतीमामा कोपऱ्यात पेपर वाचत होते. उभी हयात गुऱ्हाळावर गूळ करण्यात गेलेली. त्यांनी चष्म्यावरून मोबाइलकडं एकदाच बघितलं आणि म्हणाले, ही तर मळी. उसाचा रस काहिलीत उकळताना घाण फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात, तसंच हे. सगळ्या दुकानाला एका मिनिटात कळलं! व्हिडिओवाल्याला जे वीस मिनिटांत जमलं न्हाई, ते मामांनी पेपरची घडी न मोडता केलं.

प्रकाशराव म्हणाले, टाकी लहान, मासे दोनच, स्किमर नको, दर आठवड्याला थोडं पाणी बदला. विषय संपला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी दाढी करून राहिलो होतो आणि आरशात दिसलं की मामा टाकीवर वाकलेत. काखेत रानभेंडीच्या ठेचलेल्या काड्यांची पेंडी. गुऱ्हाळावर रस साफ करायला भेंडीचा चिकट रस घालतात ना! मी गिऱ्हाईक तसंच सोडून झेप घेतली आणि मामांचा हात वरच्यावर धरला. मामा माझ्यावरच रागावले. म्हणाले, "मळी निघत न्हाई म्हणूनच तुझे मासे मेले."

* * *

मग सुरू झालं वाट बघणं. टाकी चालू, फिल्टर चालू, लाइट चालू, आत मासा न्हाई. जंतूंना खायला पाहिजे म्हणून मी रोज चिमूटभर माशाचं खाद्य टाकायचो. येणारा प्रत्येक जण विचारायचा, मासे कुठं हायत? मी अभिमानानं सांगायचो, सध्या जंतू पाळून राहिलोय.

आठ दिवसांत दुकानातली गर्दी अर्धी झाली. मला कळंना, का बरं असं? मग कुणीतरी सांगितलं, गावात बोभाटा झालाय की गजाननच्या सलूनमध्ये जंतू हायत, आणि तो त्यांना रोज जेवायला घालतो!

मी डोकं धरून बसलो. सुनंदा बाहेर आली आणि पारावरच्या बायकांना एवढंच म्हणाली, "आमच्याकडं विरजण लावलंय. लागायला वेळ लागतो." दुसऱ्या दिवसापासून सगळे परत. एका म्हातारीनं तर पदराखालून गरम दुपटं आणून दिलं, टाकीला गुंडाळ म्हणाली, म्हणजे लवकर लागंल.

सगळ्यात जास्त हसायचा दत्ता. रोज अकरा वाजता चहा घेऊन यायचा, टाकीसमोर उभा राहायचा आणि सुरू. "बिनमाशाची टाकी आणि रोज पंगत. गजा, दवाखान्यात दाखव." वर चौकशा किती! खाद्य किती टाकलं, नळ्या कुठल्या, आज कितवा दिवस, अमोनियाच्या टेस्ट किटमध्ये रंग काय आला. मला वाटायचं, माझी टिंगल करायला मसाला गोळा करून राहिला.

* * *

चाळिसाव्या दिवशी टेस्ट किटच्या नळीतलं पाणी हिरवं झालंच न्हाई. पिवळंच राहिलं. अमोनिया शून्य! मी नळी घेऊन तसाच रस्त्यावर पळालो, उभ्या एसटीच्या कंडक्टरलासुद्धा दाखवली. त्यानं बिचाऱ्यानं मला डबल बेल दिली. प्रकाशरावांनी त्याच दिवशी जोडी पाण्याच्या पिशवीत आणि पिशवी थर्मोकोलच्या डब्यात घालून ट्रॅव्हल्सनं पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंगोलीला घ्यायला गेलो. येताना जीपमध्ये डबा मांडीवर. खड्डा आला की मी सीटवरून अर्धा उठायचो.

नवरात्र चार दिवसांवर आलं होतं. आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात, घरातली चिंधी न् चिंधी, भांडं न् भांडं धुऊन निघतं. घर न् दुकान एकच असल्यावर दुकान तरी कसं सुटंल? मी उतरलो तर ओट्यावर सगळं उन्हात मांडलेलं. कात्र्या, कंगवे, टॉवेल, खुर्चीची कव्हरं. दोरीला चिमटा लावून फिल्टरचा स्पंज. आणि सुपात त्या नळ्या, पांढऱ्याशुभ्र.

माझी माय हात पुसत बाहेर आली. सत्तरीची बाई, सकाळपासून राबून घामाघूम झालेली. "किती रे चिखल साचला होता टाकीला लटकवलेल्या त्या डब्यात," ती म्हणाली. "धुण्याच्या सोड्यानं घासून काढला. आता तुझे मासे सुखानं राहतील."

तिच्या तोंडावर एवढा आनंद होता. मी म्हणालो, लई चांगलं केलंस माय. आणि पायरीवर बसून राहिलो. चाळीस दिवसांचे जंतू सोड्यात गेले होते. पिशवीतलं पाणी फार तर संध्याकाळपर्यंत पुरलं असतं. डब्यात ते दोघं जिवंत होते, आणि त्यांना सोडायला माझ्याकडं नुसतं खारं पाणी होतं. खिशात फोन वाजत होता. प्रकाशरावांचा. मी उचलला न्हाई.

तेवढ्यात दत्ता चहा घेऊन आला. त्यानं सुपाकडं बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या डब्याकडं. चहा खाली ठेवला. तो हसला न्हाई. डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "चल."

त्याच्या दुकानातून मागं गोदामात गेलो. काळ्या नळ्यांच्या भेंडोळ्यांमधून वाट काढत तो कोपऱ्यात थांबला आणि ताडपत्री बाजूला सारली. मागं काचेची टाकी! लाइट चालू. पाणी स्वच्छ. काठावर माझ्यासारखंच फिल्टर, बारीक आवाज करत चाललेलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

"एक्केचाळीस दिवस झाले," दत्ता म्हणाला. "अमोनिया शून्य हाय. सकाळीच बघितलं."

टाकीत एकही मासा नव्हता. टाकीसमोर एक प्लास्टिकची खुर्ची होती, आणि खुर्चीखाली चहाचे कितीतरी रिकामे कप.

मी विचारलं, "दत्ता, मासे काहून न्हाई आणलेस?"

त्यानं डब्यातून पिशवी अलगद काढली आणि दोन्ही पाण्यांची ऊब एक व्हावी म्हणून गाठ न सोडता पाण्यावर ठेवली. मग आतून दुसरी खुर्ची आणली, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि पहिल्या खुर्चीच्या शेजारी मांडली.

"पंधरा मिनिटं तरंगू दे," तो म्हणाला. "बस."