वाकड्या कडीचा कंदील

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी तर नाहीच — तिच्यापाशी का नाही, ते शेवटी कळेल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मध्येच उठून गेलात तरी मी अडवणार नाही.

लासलगावला आमचं कांद्याचं खळं होतं. आमचं म्हणजे माझं आणि दौलतचं. लिलावात कांदा घ्यायचा, खळ्यावर निवडायचा, गोण्या भरून कलकत्त्याला पाठवायचा. मी नाशिकचा, हिशेब, पत्रव्यवहार माझ्याकडे. दौलत देवळ्याचा, खरेदी, निवड आणि आरडाओरडा त्याच्याकडे. प्रत्येक व्यापारी गोणीवर आपला मार्का छापायचा. तिकडचा आडत्या गोणी उघडून बघत नसे — मार्का बघायचा आणि भाव बोलायचा. आमचा मार्का कंदील. दौलतने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याचा साचा केला होता आणि घाईत कंदिलाची कडी वाकडी कापली गेली. आम्ही पोट धरून हसलो होतो. पण पुढे तीच वाकडी कडी आमची ओळख झाली. बाजारात सगळे म्हणायचे, दौलतचा कंदील. नेहमी दौलतचाच! माझं नाव कधी कुणी घेतलं? ते मला टोचायचं. थोडंथोडकं नाही, चांगलंच टोचायचं.

नव्वद सालानंतर कधीतरी कलकत्त्यात कुणीतरी आमचा कंदील छापून हलका माल विकला. दौलत खवळला. “तू शिकलेला हाय, वकिलाकडं तूच जाय. आपला मार्का सरकारात पक्का करून ये,” म्हणाला. तो स्वतः आला नाही. त्या दिवशी लिलाव होता, आणि माझ्यावर त्याचा — काय सांगू — पूर्ण विश्वास होता.

वकिलाचं ऑफिस नाशिकला, रविवार कारंजाजवळ. त्याने विचारलं, नोंदणी कुणाच्या नावाने? दोघांच्या, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, माझ्या. मार्का पहिल्यांदा कुणी वापरला? मीच, म्हणालो. मग तो चित्राकडे बघून म्हणाला, ही कडी सरळ करून घेऊ का, बरी दिसेल. मी घाईघाईने म्हणालो, नको, वाकडीच राहू द्या. म्हणजे काय चोरतोय, ते मला नीट ठाऊक होतं.

खळ्यावर परत आलो. दौलतने लांबूनच विचारलं, “झालं का रे?” झालं, म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

अशा कामाला तेव्हा वर्षं लागत. सर्टिफिकेट आलं ते माझ्या घरच्या पत्त्यावर. मी ते कपाटात ठेवलं. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, काय घाई आहे? आम्ही एका ताटात जेवत होतो, आणि मी रोज आदल्या दिवसासारखाच गप्प बसत होतो.

त्यानंतर आमचं वाजलं. मी भाव चढायची वाट बघत माल धरून ठेवला आणि तो सडला. दौलतने हमालांसमोर माझी लाज काढली. “खुर्चीवर बसून नुसता खातो. कांदा कशाला म्हनत्यात, ते तरी ठाव हाय का तुला?” मी वेगळं व्हायचं म्हणालो. चार जुने व्यापारी वाटणीला बसले. मार्क्याबद्दल आमच्याकडे रीत पक्की — ज्याने साचा केला, मार्का त्याचा. सोडणाऱ्याने साचा आणि नारळ सगळ्यांदेखत त्याच्या हातात द्यायचा. मी दिला. दौलतच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्टिफिकेट तेव्हा माझ्या कपाटात होतं. 

त्याचा एकट्याचा पहिला माल कलकत्त्याला पोचला, आणि माझ्या वकिलाची नोटीसही पोचली. कंदील छापलेली गोणी विकलीत तर कोर्टात खेचू. आडत्या घाबरला, मालाला हात लावेना. दौलत तिकडे धावला. त्याने पाया पडून पाहिलं, माल बिनमार्क्याच्या गोण्यांत भरायला रिकामं बारदान मिळवायला वणवण केली. तिकडची दमट हवा, कांदा कितीसा टिकणार? गोण्यांमधून पाणी गळायला लागलं. हे मला तिथल्याच एका माणसाने फोनवर सांगितलं. ऐकताना मला — सांगायलाच हवं — बरं वाटलं.

त्याचं खळं बंद पडलं. माझा कंदील पुढे बरीच वर्षं चालला. त्याच्यावर मी नाशिकला घर बांधलं.

त्याच घरी एकदा दौलत आला. खांदे उतरलेले, आवाजही उतरलेला. बायकोने चहा दिला. त्याने पिशवीतून तो पत्र्याचा साचा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. “हा तुझा ऱ्हायला व्हता माझ्याकडं,” म्हणाला. मला वाटलं, आता शिव्या देणार. मी वाटच बघत होतो. पण त्याने हात जोडले. “मीच लय बोललो तुला त्या दिशी. मानसांसमोर बोललो. तुला राग आला, म्हनून तू वकिलाकडं जाऊन मार्का एकट्याच्या नावावर केला. माझ्या जिभेनंच घात केला. माफ कर.”

माझा कागद त्या भांडणाच्या कितीतरी आधीचा होता. ‘दौलत, तसं नाही’ — एवढंच म्हणायचं होतं. बायको दारात उभी होती. आजही ती पाहुण्यांना सांगते, आमच्या यांचं मन फार मोठं.

मी काय केलं? उठलो, त्याचे जोडलेले हात धरले आणि म्हणालो, जाऊ दे, मी कधीच विसरलो.

तो रडला. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. पुढे तो वारला, तेही आपलीच चूक होती असं मानून.

मी त्याला माफ केलं होतं.