ओफेलियाच्या घळीतली मोहरी

आमच्या गल्लीतले एव्हारिस्तो तिओ, म्हणजे एव्हारिस्तो काका, आमच्या बोरेगो गावच्या ग्रेपफ्रूटच्या बागांत मुकादम होते. बागेतलं काम सुटल्यावर त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, ओफेलिया तिआंनी, एक खूळ डोक्यात घेतलं, रानमोहरी उपटायचं. गावाच्या पूर्वेला मातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या आहेत. तिथली एक घळ त्यांनी आपली मानली. ही मोहरी बाहेरून आलेली. पाऊस झाला की सगळ्यांच्या आधी उगवते, कमरेएवढी वाढते आणि खालच्या, मूळच्या इथल्या लिलींना ऊन मिळू देत नाही. दर जानेवारीत दोघं गोणपाटं घेऊन जायची आणि गुडघे टेकून एकेक रोप मुळासकट काढायची. अशी चौदा वर्षं गेली.

"वाळवंटात खुरपणीला कुणी ठेवलंय तुम्हाला?" आम्ही चिडवायचो.

"मला देवानं ठेवलंय," तिआ म्हणायच्या. "आणि हा मुकादम आता माझ्या हाताखाली आहे."

मग तिआंची फुप्फुसं गेली. दोन हिवाळे तिओ त्यांच्या उशाशी बसून होते. पुढे घरी जमेना, तेव्हा दीड तासावरच्या एल सेंत्रोला एका शुश्रूषागृहात त्यांना ठेवावं लागलं. त्या वर्षी पाऊस छान झाला होता. तिआ म्हणाल्या, "जाऊन बघून ये. लिली कुठवर आल्यात ते मला रविवारी सांग."

तिओंचे गुडघे आता धड नव्हते, म्हणून मी सोबत गेले. मोटेलमधल्या कामाला मी त्या दिवशी सुट्टी टाकली होती. सकाळी वाळू गार होती. पहिल्या टेकडीच्या पायथ्याला व्हर्बिनाची जांभळी फुलं पसरली होती आणि मध्येमध्ये प्रिमरोझची पांढरी. तिओ काठी टेकत भराभर चालले होते.

"पोरी, एवढ्यावर भुलू नकोस," ते म्हणाले. "खरी गंमत वळणापलीकडे आहे."

वळणापलीकडे त्यांच्या घळीत सगळं पिवळं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत मोहरीच मोहरी, तिओंच्या छातीला लागेल एवढी. शहरातून आलेली पाच-सहा माणसं तिच्यात उभी राहून फोटो काढत होती. एका तरुण बाईनं तिओंच्या हातात फोन दिला.

"आमचा एक काढाल का, काका? किती सुंदर आहे ना हे!"

"हो," तिओ म्हणाले. त्यांनी फोटो काढला, नीट आलाय का तेही बघितलं आणि फोन परत दिला.

माणसं गेल्यावर ते खाली बसले आणि उपटू लागले. मीही बसले. बुरितोचा डबा तसाच राहिला. दुपारपर्यंत आम्ही खाटेएवढी जागा मोकळी केली. तिथे एक लिली निघाली, पिवळट, बोटभर, कळी न धरलेली. तिओंनी तिच्याभोवतीची माती हातानं सारखी केली.

"पुरे, तिओ. हातातून रक्त येतंय."

"आधी यायला हवं होतं गं," ते म्हणाले.

रविवारी मीच त्यांना गाडीतून एल सेंत्रोला नेलं. तिआ केस विंचरून, नळी नाकाला लावून वाट बघत बसल्या होत्या.

"आल्यात?"

तिओंनी व्हर्बिनाचं सांगितलं, प्रिमरोझचं सांगितलं.

"लिलींचं विचारतेय मी. एव्हारिस्तो, तुझं तोंड मला वाचता येतं."

मग त्यांनी खरं ते सांगितलं. तिआ बराच वेळ धापा टाकत राहिल्या.

"माझ्यापायी," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं तू माझ्याजवळ बसलास, म्हणून."

"तसं नाही म्हणालो मी."

"तू नाही म्हणालास, मी म्हणतेय."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. जेवण आलं, तेही परत पाठवलं. तिओ त्यांचा हात धरून बसले होते. तिआंनी हात काढून घेतला नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

परतताना तिओंनी विचारलं, "खोटं सांगायला हवं होतं का गं मी?"

मी गाडी चालवत राहिले.

मे महिन्यात तिआ गेल्या. तोवर तिओ दर रविवारी जात होते. फुलांचा विषय पुन्हा दोघांपैकी कुणीच काढला नाही. आता फुलांच्या दिवसांत पाहुणे गल्लीत गाडी थांबवून रस्ता विचारतात, तेव्हा तिओ अंगणातून उठून येतात आणि त्यांना घळीच्या उलट दिशेला, पश्चिमेकडे पाठवतात.