कावळ्यासाठी रास अल खैमापर्यंत

समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्स या भव्य वसाहतीत पितृपक्षासाठी एकही कावळा उपलब्ध नाही. तळं आहे, कारंजी आहेत, काठावर कॉफी पिणारी माणसं आहेत. बदकंसुद्धा आहेत. पण बदकाला पान वाढून काय उपयोग?

बाबांची तिथी होती आणि आईला कावळा हवा होता. उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली तेव्हाच तिनं बजावलं होतं, तिथी झाली की मी चिपळूणला परत. शेजारणींसाठी खजूर घेऊन झाले होते, बॅग भरून दाराशी उभी होती आणि घराची किल्ली तिच्या कमरेला होती. इकडे मी आणि धाकट्या भावानं फोनवर ठरवून टाकलं होतं की तिनं आता एकटीनं राहायचं नाही. तिचं परतीचं तिकीट मी रद्द केलं होतं. हे बायकोला ठाऊक होतं, मुलीला ठाऊक होतं. आईला सांगायला मला मुहूर्त मिळत नव्हता.

माझा एक जुना मित्र, मूळचा रत्नागिरीचा, रास अल खैमात सिमेंट कंपनीत आहे. तो म्हणाला, "काकींना घेऊन इकडे ये. गावाच्या पार उत्तरेला खाडीचं पाणी आत शिरून तळं झालंय. तिवरं, चिखल, माणूस नावाला नाही. कावळे म्हणशील तेवढे."

आईनं पहाटे उठून वडे, खीर, आळूची भाजी केली. गाडीभर वास. कावळा शिवेपर्यंत कुणी खायचं नाही, त्यामुळे वाळवंटातून जाताना आम्ही सगळे डब्याकडे पाहत होतो. मागून मुलगी दर दहा मिनिटांनी "आय ॲम स्टार्व्हिंग" म्हणत होती.

तळं मात्र खरंच तळं होतं. तिवरांची खोडं चिखलात गुडघाभर उतरलेली, पलीकडे उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे, सोसायटीच्या मीटिंगला आल्यासारखे. आईनं काठावर पान मांडलं आणि हात जोडले. एक बगळा येऊन खीर बघून गेला. मग कावळा आला. तिवरावर बसला, मान वाकडी करून पाहिलं आणि तिथेच बसून राहिला.

"त्यांचं काहीतरी राहिलंय," आई हळूच म्हणाली. "बोल रे तू. थोरला आहेस."

मला सभा गाजवायची हौस. मी पुढे झालो, घसा साफ केला. "बाबा, सिगरेट सोडतो."

कावळ्यानं पंख खाजवला.

"तेवढ्यावर ते नाही फसायचे," मित्र म्हणाला.

"बाबा, यंदा कुलदैवताला जाऊन येतो. धाकट्याशी भांडत नाही. पोरीला मराठी वाचायला शिकवतो." नाटकी आवाजात मी एकेक सोपं वचन काढत गेलो. बायको माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण पुसत होती. ते पुसून कधीच झालं होतं. उन्हानं असेल, माझे कान तापले होते, आणि माझ्याच आवाजाची मला किळस येऊ लागली होती. एका पक्ष्यासमोर मी खोटं बोलत होतो, आणि पक्षी येत नव्हता.

"हे नव्हे रे," आई म्हणाली. तिनं मला बाजूला केलं, कमरेची किल्ली हातात घेतली आणि तिवराकडे बघून, रोज चहा देताना बोलायची तसं बोलू लागली. "अहो, घराची काळजी करताय ना? सोमवारी पोचते मी. दार उघडते, तुळशीला पाणी घालते, संध्याकाळी दिवा लावते. घर बंद नाही राहायचं. आता या, पोरं उपाशी आहेत."

कावळा खाली उतरला. चिखलात दोन उड्या मारल्या आणि पानाच्या कडेला येऊन थांबला. आईच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मित्रानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी खाली चिखलात रुतलेल्या माझ्या बुटांकडे बघत राहिलो. आणि गाडीला टेकून उभी असलेली माझी मुलगी, भुकेली आणि रडवेली, एकदम म्हणाली,

"बाबा, जस्ट टेल देम. यू कॅन्सल्ड आजीज टिकेट."