पियानोवरचा तारपा

घोलवडच्या चिकूवाडीतल्या बंगल्यात मी पाहुणा होतो. तलासरीहून चिकू निवडायला येणारी एक बाई जेवणाच्या सुट्टीत पाय धुऊन आत यायची आणि दिवाणखान्यातला जुना पियानो वाजवायची. मालकीणबाईंची हरकत नव्हती.

त्या दिवशी मुकादम सगळ्यांसमोर तिला वाटेल ते बोलला होता. डाव्या हाताने ती खर्जातला एकच सूर ठोकत राहिली, उजव्याची चिकाने डागाळलेली बोटं त्यावर नुसती भांडत होती. मुकादम खिडकीशी येऊन "बस कर" म्हणाला. त्याच्याकडे बघत तिने आणखी जोर लावला.

मी सात वर्षं पियानो शिकलो. असं एकदाही वाजवलं नाही.

"कोणतं गाणं हे?" मी विचारलं.

"माझंच, आत्ताचं. आमच्यात भोपळ्याचा तारपा पुरुषच फुंकतात, बाईला देत नाहीत. हा पियानो वाजवू का, हे कोणाला विचारायचं, ते मला ठाऊक नव्हतं. मग न विचारताच बसले."