माझे नमुने आणि मावशीचं रुखवत

तुम्ही मला हुशार समजता ना? समजा, माझी काही हरकत नाही. पण आधी चहा होऊ द्या. मग परतूरच्या आमच्या घराच्या माळवदावर, त्या मातीच्या गच्चीवर, मी माझी अक्कल उन्हात कशी वाळत घातली होती ते सांगतो, आणि त्यानंतर काय समजायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. मी हैदराबादेत फिजिक्सचा एम.एस्सी. होऊन संशोधनाला लागलो होतो. विषय असा भारी, की नुसता सांगितला तरी ऐकणारा जरा सरकून बसायचा. बॅटरीची वीज असते ती एकाच दिशेनं जाते. दुसरी एक वीज असते, ती सारखी पुढं जाते, मागं येते, परत पुढं जाते. ही उलटसुलट वीज मातीसारख्या वस्तूतून किती वाहते, आणि तीच वस्तू तापवली तर किती वाहते, हे मी मोजायचो.

घरी आल्यावर हे सगळं आईला समजावून सांगितलं. आई गहू निवडत होती.

"म्हंजे इकडून तिकडं जाती आन् तिकडून परत येती?"

"हो."

"मंग पोचती कधी?"

मी म्हणालो, "तुला नाही कळायचं ते." खरं सांगू का, त्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नव्हतं. पण एम.एस्सी. माणसानं आईपुढं तसं कबूल करायची पद्धत नाही.

आता मी अडकलो कुठं होतो ते ऐका. आमचे गुरू रिझवी साहेब. उन्हाळ्यातही शेरवानी, तोंडात पान, आणि रागावले तरी आवाज चढायचा नाही. त्यांच्या हातात एकच वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, होता आणि आम्ही उमेदवार दोघं. सुट्टीत जो चांगलं काम करून दाखवील त्याला वजीफा, असं त्यांनी सांगून टाकलं. दुसरा गडी प्रयोगशाळेत ठाण मांडून बसला. आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमीचं, लग्न नेमकं त्याच सुट्टीत निघालं.

वजीफा नाही मिळाला तर पुढं काय, हे आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ठरवून ठेवलं होतं. आमची परतूरला कापसाची आणि ज्वारीची आडत. "शिकला तेवढं बास झालं," ते म्हणायचे. "ह्या साली आडतीवर बस." मला कापसाच्या गंजीजवळ नुसतं उभं राहिलं तरी शिंका सुरू होतात. जन्मभर शिंकत बसायचं का वीज मोजायची, एवढाच माझ्यापुढं सवाल होता.

साहेबांच्या हातापाया पडून मी छोटं यंत्र घरी आणलं. एक पेटी, बॅटरीवर गुणगुणणारा एक बझर आणि कानाला लावायचे फोन. दोन पितळी चकत्यांमध्ये नमुना दाबून धरायचा. फोनमध्ये गुणगुण ऐकू येते. पेटीवरचं बटण फिरवत जायचं, आणि जिथं गुणगुण बुडते तिथला आकडा लिहून घ्यायचा. बस, एवढंच. घरातल्या बायका मात्र मला कानाला काहीबाही लावून डोळे मिटून बसलेला बघायच्या आणि आईला दबक्या आवाजात विचारायच्या, पोराचं शिक्षण जास्त तर न्हाई ना झालं?

नमुने मीच करायचो. पांढरट माती चाळायची, तिच्यात थोडं मीठ, थोडी शिसपेन्सिलीची पूड, डिंकाचं पाणी घालून मळायचं, आणि रुपयाएवढ्या गोल चकत्या पाडायच्या. मग वाळवायच्या. वाळल्या की दोन्ही अंगांना चांदीचा वर्ख चिकटवायचा, म्हणजे वीज सगळीकडून सारखी शिरते. वर्ख मिठाईवाल्याकडून आणायचो. परतूरच्या उन्हात चकत्या दोन दिवसांत खडखडीत वाळतात. मी आपला सगळ्यांच्या आधी जाऊन माळवदावर धोतर अंथरून माझा माल पसरून आलो.

आणि तिथंच आमच्या गंगूमावशीची स्वारी आली.

गंगूमावशी केदारखेड्याची. अख्ख्या भोकरदन तालुक्यात कुणाच्याही पोरीचं लग्न असू द्या, रुखवत मावशीच्या हातचं. तुम्ही रुखवत पाहिलंय ना? नवरीबरोबर मांडवात मांडायचं, सासरच्यांनी तोंडात बोटं घालायची, असं ते सगळं. मावशीची खासियत काय, तर सगळं इवलं इवलं करायचं. बोटाच्या पेराएवढ्या करंज्या, सुपारीएवढे लाडू. आणि पापड?

रुपयाएवढे.

उडदाचे, जरा जाडसर, पांढरट, आत मिऱ्याचे काळे ठिपके. माझ्या चकत्याही पांढरट, आणि आत शिसपेन्सिलीचे काळे ठिपके. तुमच्या लक्षात आलंय, दिसतंय मला तुमच्या तोंडावर. माझ्या नाही आलं.

मावशीनं तिचं लुगडं माझ्या धोतराला लावून अंथरलं. मी बजावलं, "मावशी, इकडं हात लावू नको. हे कॉलेजचं काम आहे."

"मला काय करायचं तुझ्या चिखलाचं? तूच माझ्या पापडाला शिवू नको, पारोसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोघांचा माल वाळत आला असताना, वावटळ उठली. धोतर उडालं, लुगडं उडालं, माळवदभर पापड आणि चकत्या. आम्ही दोघं धावत वर गेलो आणि पदरात, टोपीत, मिळेल त्यात वेचायला लागलो. मग समोरासमोर बसून निवडायला घेतलं.

"मावशी, हे माझे. कडा बघ कशी साफ आहे. साच्यातली आहे."

"साच्यातली व्हय? अरे, ही कड माझ्या हातची हाये. साऱ्या तालुक्याला ठाव हाये. दे इकडं."

"बरं, मग हे वेडेवाकडे?"

"वेडेवाकडे तुझे. माझा पापड कधी वेडावाकडा झाल्ता का?"

आता बघा हं. साच्यातल्या चकत्या होत्या माझ्याच. पण मावशीला वाटलं, इतकं गोल आपल्याशिवाय कोण करणार. आणि मला वाटलं, मावशीशी कोण भांडत बसणार, नमुना जरा वेडावाकडा असला तरी वीज जायची थोडीच थांबते. ती तिची गोल गोल रास घेऊन समाधानानं खाली गेली. मी माझी वेडीवाकडी रास घेऊन त्याहून समाधानानं माडीवर गेलो.

तिसऱ्या दिवशी वर्ख लावून मोजायला बसलो आणि थक्क झालो. हैदराबादेत माझ्या मातीतून वीज अशी जायची, की गेली का नाही तेच कळू नये. इथं भरभरून जात होती! एक नमुना घेतला, दुसरा घेतला, सगळ्यांचं तेच. मला वाटलं, परतूरच्या मातीतच काहीतरी आहे. गावाबद्दल इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

मग तापवून बघायचं ठरवलं. स्टोवर डब्यात वाळू, वाळूत नमुना, शेजारी थर्मामीटर. बराच वेळ आकडे बरोबर येत होते. आणि मग अचानक नमुना टम्म फुगला! वरची पितळी चकती उचलली गेली आणि वीज एकदम बंद. मी फोन काढून उभाच राहिलो. घन पदार्थ फुगतो, आणि त्याच क्षणी वीज वाहायची थांबते. हे कुठल्या पुस्तकात वाचलंय तुम्ही? मीही नव्हतं वाचलं.

खोलीत हिंगाचा वास सुटला होता. तो मी स्वयंपाकघराच्या खाती टाकला, लग्नाचं घर म्हटल्यावर हिंगाचा वास येणारच. शास्त्रज्ञानं भलत्या गोष्टींनी विचलित व्हायचं नसतं.

तसाच पळत स्टेशनवर गेलो आणि साहेबांना तार केली. मोठा शोध लागलाय, ताबडतोब या. साहेबांना औरंगाबादला जायचंच होतं, वाटेत परतूरला उतरतो अशी त्यांची उलट तार आली. दिवस कोणता, तर सुमीच्या लग्नाचा.

अक्षता पडल्या, पंगती सुरू व्हायच्या होत्या. मी साहेबांना थेट माडीवर नेलं. मागून आण्णा आले, कारण त्यांनी मला शब्द दिला होता, की साहेब बरं म्हणाले तर आडतीचं नाव काढणार नाही. त्यांच्या मागून वऱ्हाडातली निम्मी माणसं आली, कारण पोरगं काहीतरी विजेचं करतंय म्हणे.

मी भाषण ठोकलं. चांगलं लांबलचक. पदार्थविज्ञानाच्या जगात परतूरचं नाव कसं होणार आहे तिथपर्यंत गेलो. साहेबांनी कानाला फोन लावले, मी स्टो पेटवला. साहेब बटण फिरवताहेत, मान डोलवताहेत, आणि मी आण्णांकडं असा बघतोय की घ्या, आता बोला.

नमुना टम्म फुगला.

साहेबांनी फोन काढून ठेवले. नाक वर करून एकदा वास घेतला, मग दुसऱ्यांदा घेतला. चिमट्यानं नमुना उचलला, वर्ख लावलेला, सोनेरी भाजलेला. फुंकर मारली. त्याचा तुकडा मोडला आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकला. खोलीत कुरकुर असा आवाज झाला.

"क्या मियाँ," साहेब शांतपणे म्हणाले, "नमक जरा कम पड़ गया."

पहिल्यांदा हसले ते आण्णा. मग सगळी माडी हसायला लागली. मी म्हणालो, "साहेब, हे असं होणं शक्यच नाही. ही माती आहे."

"मिट्टी इत्ती मजेदार रहती क्या?" म्हणत त्यांनी उरलेला तुकडाही खाल्ला.

माझ्या पायांखालची जमीन सरकली. हे पापड असतील, तर माझ्या चकत्या कुठं आहेत?

उत्तर खालूनच आलं. मी खाली धावलो, तर मांडवात नवरदेवाचे मामा गाल धरून ओरडत होते. झालं असं होतं, की रुखवत बघून मामा म्हणाले, हे पापड नुसते दिसायलाच हायेत वाटतं. ही गोष्ट मावशीला लागली. तिनं कढई चढवली. तेल तापलं, धूर निघाला, पण पापड काही फुलेना. मावशी हार मानणारी नव्हे. तिनं काळे होईस्तोवर तळले आणि तसेच मामांच्या ताटात वाढले. मामांनी कडकन् चावा घेतला.

"आमाला माती खाऊ घातली!" मामा म्हणत होते. ते किती खरं बोलत होते हे तिथं फक्त मलाच माहीत होतं.

मावशीला तर रडूच फुटलं. "आता कुण्या तोंडानं केदारखेड्याला जाऊ? माझा पापड कधी असा झाल्ता का?" मग मात्र मला राहवलं नाही. मी भर मांडवात सांगून टाकलं, की पापड मावशीचे नाहीत, माझे आहेत. क्षणात मावशीचं रडू थांबलं आणि हात उगारला गेला. आईनं मधे पडून सोडवलं, नाहीतर नवीन जावयासमोर माझी पूजाच झाली असती. मामांचं मात्र बरं झालं. व्याह्यांचा पोरगा येडा हाये एवढं कळल्यावर त्यांचा राग उतरला. येड्यावर कोण रागावतं?

साहेबांनी त्या तळलेल्यांतली एक चकती मागून घेतली, पुसली, माडीवर जाऊन यंत्राला लावली. कान लावून बराच वेळ बसले.

"कुछ नै जाता इसमें से," ते म्हणाले. "न करंट, न दाँत."

मी कोपऱ्यात उभा. वजीफा गेला होता, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. नाकात आतापासूनच कापूस गेल्यासारखं व्हायला लागलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. तीन वर्षं रात्रंदिवस त्या गुणगुणीत घातली होती, आणि शेवटी मी पापड भाजला होता.

जेवणं झाल्यावर साहेब आण्णांशेजारी लोडाला टेकून बसले. त्यांच्यापुढं ताटलीभर खरे पापड होते. आण्णांनी विचारलंच.

"साहेब, खरं सांगा. ह्याला तुमच्याकडं ठेवता, का मी आडतीवर बसवू?"

साहेबांनी पापडाचा तुकडा मोडला. माझ्याकडं बघितलं. तुकडा नीट चावून खाल्ला.

"सेठ, एक बात पूछूँ? आपके यहाँ कपास आता, ज्वार भी आती?"

"दोन्ही येतात, साहेब. शेजारी शेजारीच गंज्या."

"और वो अलग अलग पहचानना इसकू पड़ेगा?"

आण्णांनी मावशीच्या पापडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग बाहेर आडतीच्या दिशेला बघितलं. बापजाद्यांची आडत होती ती. त्यांनी साहेबांपुढं हात जोडले.

"घेऊन जा साहेब याला. वजीफा द्या, न्हाई देणं झालं तर मी देतो. तुमच्याकडं ह्यानं काय बी घोळ घातला तरी नुकसान सरकारचं व्हतं."

वजीफा मला मिळाला. त्यावर पुढं डॉक्टर झालो, प्रोफेसर झालो, निवृत्तही झालो. तुमच्यासारखे लोक विचारतात, एवढ्या अवघड विषयात तुमची निवड झाली तरी कशी? मी सांगतो, साहेबांनी आणि वडलांनी बराच विचार केला, आणि आडतीचं काम मला जमणार नाही अशी दोघांची खात्री पटली.